मामा तलावाचा गाळ आणि शैवालाची चाचणी : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

प्रश्न साधा आहे. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा आहे. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे ते आता नेहमीचंच झालंय. पण हा तलाव साधा नाही. वरच्या तलावाखालच्या बांध्यांचं (धानाच्या खाचरांचं) पाणी यात उतरतं आणि एका कोपऱ्यात उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या राईस मिलची नाली येते. गाळात काही विषारी साठलंय का, ते शैवालावर तपासायचं.

तलाव चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातला, जुना मालगुजारी तलाव. मालगुजारी (इथली जमीनदारी) १९५०च्या कायद्याने गेली, लोकांच्या तोंडी नाव मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावच राहिलं. गावाचं नाव या नोंदींत घालायचं नाही. निकाल पक्का होण्याआधी नाव पसरलं तर ढिवरांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळणार नाही.

शैवालच का? धातू, तणनाशकं आणि अमोनिया या तिन्हींचा परिणाम तीन दिवसांत आकड्यात दिसतो आणि काचेची भांडी व सूक्ष्मदर्शक एवढ्यावर भागतं. मर्यादाही पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं मज्जासंस्थेवर काम करतात आणि शैवालाला मज्जासंस्था नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली. तसल्या औषधाचा अंश पाण्यात असला तरी शैवाल मजेत वाढेल. त्यासाठी डॅफ्नियाची, म्हणजे पाणपिसवांची चाचणी वेगळी करावी लागते. ती या प्रकल्पात नाही.

५ जानेवारी

पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका २०१. ७२ तास, वाढीच्या वेगातली घट मोजायची. जीव : रॅफिडोसेलिस सबकॅपिटाटा. जुन्या पुस्तकांत हीच सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्न्युटम किंवा स्यूडोकर्चनेरिएला नावाने सापडते. नाव तीनदा बदललं, वाण तोच : १९५९ मध्ये नॉर्वेच्या नितेल्वा नदीतून वेगळा केलेला. पेशी चंद्रकोरीसारखी, सुटी राहते, म्हणून मोजायला सोपी. तलावातलीच स्थानिक क्लोरेला वापरावी असा विचार होता, पण ती काचेला चिकटते, आणि तिच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

आलेली नळी अगारवर होती. बीजी-११ या पोषक माध्यमात वाढवायला लावली. बीजी-११ फक्त साठ्यासाठी. चाचणीत ते चालत नाही, कारण त्यात ईडीटीए, सायट्रिक आम्ल आणि लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. धातू त्यात बांधले जातात आणि विषारी पाणीही निर्दोष ठरतं.

७ जानेवारी

चाचणीचं माध्यम. एका लिटरला, मिलिग्रॅममध्ये :

अमोनियम क्लोराइड १५, मॅग्नेशियम क्लोराइड (६ पाणी) १२, कॅल्शियम क्लोराइड (२ पाणी) १८, मॅग्नेशियम सल्फेट (७ पाणी) १५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.६, फेरिक क्लोराइड (६ पाणी) ०.०६४, डायसोडियम ईडीटीए ०.१, बोरिक आम्ल ०.१८५, मँगनीज क्लोराइड (४ पाणी) ०.४१५, सोडियम बायकार्बोनेट ५०. झिंक, कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि तांबं मायक्रोग्रॅममध्ये.

इतकं थोडं थेट वजन करता येत नाही. चार साठा द्रावणं केली : मोठे क्षार, लोह-ईडीटीए, सूक्ष्म क्षार, बायकार्बोनेट. पहिली तीन हजारपट तीव्र, लिटरला १ मिलि. बायकार्बोनेट लिटरला ५० ग्रॅम, त्यातलंही १ मिलि. सूक्ष्म क्षारांचा साठा आधी आणखी शंभरपट तीव्र करून मग पातळ केला, नाहीतर तांब्याच्या क्षाराचा एक कणही जास्त होतो.

निर्जंतुकीकरण घरगुती प्रेशर कुकरमध्ये, शिटी सुरू झाल्यावर मंद आचेवर २० मिनिटं. बायकार्बोनेट कुकरमध्ये घालायचं नाही. उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम खाली बसतं. ते ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून थंड माध्यमात नंतर घातलं. रात्रभर हवेशी जुळू दिलं. सकाळी पीएच ८.१.

८ जानेवारी

भांडी. साबण नाही. कोमट पाणी, मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर, मग डिस्टिल्ड पाण्याने पाच वेळा. रबरी बुचं बाद, रबरातून जस्त सुटतं. २५० मिलिचे कोनिकल फ्लास्क, प्रत्येकात १०० मिलि, तोंडाला सैल फॉइल. घट्ट बूच लावलं तर कार्बन डायऑक्साइड आत येत नाही.

९ जानेवारी

उजेड आणि तापमान. जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, चाचणीला २१ ते २४ अंश लागतात, तेही २ अंशांच्या आत स्थिर. इन्क्युबेटर नाही. तीन फुटी काचेची फिशटँक घेतली. तळाशी फ्लास्कमधल्या द्रावणाच्या उंचीएवढं पाणी, त्यात थर्मोस्टॅटचा १०० वॉट अ‍ॅक्वेरियम हीटर आणि पाणी फिरवायला छोटा पंप. थर्मामीटरवर दिवसभर २३ ते २३.५. फ्लास्क तरंगू नयेत म्हणून मानेत शिशाची कडी घालायची नाही (एकाने सुचवलं होतं!). वरून प्लास्टिकची जाळी दाबून बसवली.

टँकच्या दोन्ही बाजूंना उभ्या पांढऱ्या एलईडी नळ्या. लक्समीटर फ्लास्कच्या जागी धरून मोजलं : मधे ६,८००, कोपऱ्यात ५,१००. पांढऱ्या उजेडात ४,४४० ते ८,८८० लक्स ही हद्द आहे, म्हणजे दोन्ही आकडे हद्दीत. पण जागोजागचा फरक सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत हवा. कोपरे रिकामे ठेवायचे आणि फ्लास्कच्या जागा रोज चिठ्ठ्या टाकून बदलायच्या.

शेकर नाही. सकाळी, दुपारी, रात्री हाताने गोल हलवायचं, प्रत्येकी दहा वळसे.

१४ जानेवारी

पहिली नुसती कंट्रोलची (तपासायचा नमुना न घातलेल्या फ्लास्कांची) फेरी फसली. सहा फ्लास्क, सुरुवात मिलिला १०,००० पेशी. ७२ तासांनी सरासरी ९०,०००. नऊपटच वाढ. नियम किमान सोळापटीचा आहे. त्याखाली कंट्रोल गेला की पूर्ण चाचणी बाद.

माध्यम नवं केलं, तेच झालं. उजेड, तापमान ठीक. पेशी फिकट आणि फुगलेल्या.

१७ जानेवारी

कारण सापडलं : डिस्टिल्ड पाणी. प्रयोगशाळेतला जुना डिस्टिलर धातूचा आहे, आतलं कॉइल तांब्याचं, कल्हई उडालेली. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना त्या पाण्याने काही फरक पडत नाही. शैवालाला लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबंही पुरे होतं, आणि या माध्यमात ईडीटीए नावापुरतंच असतं.

पडताळणी तीन फ्लास्कांत : (१) आपलं पाणी, (२) आपलं पाणी आणि लिटरला १ मिग्रॅ ईडीटीए, (३) पूर्ण काचेच्या डिस्टिलरचं पाणी, शेजारच्या तालुक्यातून आणलेलं. निकाल : ९ पट, ५१ पट, ६४ पट. दुसऱ्या फ्लास्कने दोष धातूचा असल्याचं सांगितलं, तिसऱ्याने उपाय.

६४ पट म्हणजे दिवसाचा वेग : ६४ चा नैसर्गिक लॉगरिदम ४.१६, भागिले ३, म्हणजे १.३९. सोळापटीचा किमान वेग ०.९२. आता काम सुरू करता येईल.

नऊ दिवस गेले. पण हे पाणी वापरून थेट गाळाची चाचणी केली असती तर गाळ निर्दोष ठरला असता, कारण गाळातल्या सेंद्रिय द्रव्याने तांबं बांधून टाकलं असतं आणि नमुना कंट्रोलपेक्षा हिरवागार दिसला असता.

१८ जानेवारी

मोजणीबद्दल, कारण दोघांचे आकडे जुळत नव्हते.

न्यूबॉवर चेंबरचा (पेशी मोजायच्या, रेघा आखलेल्या काचेचा) मोठा चौरस १ मिमी × १ मिमी, खोली ०.१ मिमी. घनफळ १ मिलिचा दहा हजारावा भाग. मिलिला १०,००० पेशी असतील तर एका चौरसात सरासरी एकच पेशी दिसणार. नऊ चौरसांत नऊ, त्यातही चूक तीनांची. म्हणून सुरुवातीचा आकडा चेंबरमध्ये मोजायचाच नाही, तो हिशोबाने काढायचा : तीन दिवसांच्या वाढत्या कल्चरमध्ये मिलिला ८ लाख पेशी आहेत, फ्लास्कला १०० मिलि × १०,००० म्हणजे १० लाख हव्यात, तर १.२५ मिलि टाकायचं. ८ लाखाचा आकडा मात्र चांगला मोजलेला हवा. किमान ४०० पेशी मोजल्या की चूक पाच टक्क्यांवर येते.

दोघांत फरक का पडत होता? एक जण फ्लास्क हलवून लगेच पिपेट भरत होता, दुसरा चेंबर भरून लगेच मोजत होता. पेशी खाली बसायला चेंबरला तीन-चार मिनिटं द्यावी लागतात. शिवाय चौरसाच्या वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या पेशी धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, हे दोघांनी एकच ठरवायला हवं. लगेच मोजता येणार नसेल तर ल्युगॉल आयोडीनचा एक थेंब टाकून नळी अंधारात.

बीजकल्चर चाचणीच्या आधी तीन दिवस, त्याच माध्यमात. जुन्या, थकलेल्या कल्चरमधून टाकलं तर पहिला दिवस वाढ होत नाही आणि सगळा हिशोब खाली येतो.

२४ जानेवारी

पोटॅशियम डायक्रोमेटची संदर्भ चाचणी. आपलं शैवाल जगाच्या शैवालासारखं वागतंय का, ते पाहण्यासाठी. साठा लिटरला १०० मिग्रॅ. १०० मिलि फ्लास्कमध्ये ०.३२, ०.५६, १.०, १.८ आणि ३.२ मिलि घातलं की तेवढेच मिग्रॅ/लि. मिळतात. प्रत्येकी तीन फ्लास्क, कंट्रोल सहा.

कंट्रोलचा वेग १.४०. घट अनुक्रमे ८, २३, ४३, ७० आणि ९३ टक्के. अर्धी घट (ईसी५०) लॉग मापनावर १.१६ मिग्रॅ/लि. प्रकाशित आकडेही याच्याच जवळपास आहेत. कंट्रोलच्या सहा फ्लास्कांतला फरक ४ टक्के, हद्द ७ टक्क्यांची. पास.

डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. सगळे फ्लास्क एका डब्यात ओतले. आम्ल घालून फेरस सल्फेटने हिरवं होईपर्यंत क्षपण, मग चुन्याने खाली बसवणं, गाळ बाटलीत बंद. बेसिनमध्ये थेंबही नाही. नाही तर प्रदूषण मोजायला निघालेल्यांनीच नाली खराब केली असं व्हायचं.

२९ जानेवारी

नमुने घेतले. तीन जागा :

‘क’ : वरचा तलाव, ज्यात ना मिलचं पाणी येतं ना बांध्यांचं. संदर्भासाठी.
‘अ’ : आपल्या तलावाच्या पाळीजवळचा खोल भाग, काळा बारीक गाळ.
‘ब’ : मिलच्या नालीचं तोंड.

पुस्तकात वरचा ५ सेंमी थर घ्यायला सांगतात, कारण तळातले जीव तिथे राहतात. इथे ते उपयोगाचं नाही. जेसीबी वरचा-खालचा थर पाहत नाही, तीन फूट असेल तर तीन फूट काढतो. म्हणून ६३ मिमी पीव्हीसी पाइप डोंग्यातून उभा दाबला, वरचं तोंड बुचाने घट्ट बंद केलं आणि उपसला. आतला गाळ दांड्याने ढकलून ०–१० आणि १०–५० सेंमी असे दोन भाग. प्रत्येक जागी पाच पाइप, एकत्र मिसळून एक नमुना.

बाटल्या काठोकाठ भरल्या, वर हवा नको. थर्मोकोलच्या डब्यात मासळीवाल्यांकडचा बर्फ. प्रयोगशाळेत ४ अंशांवर, अंधारात. गोठवायचं नाही, गोठलं की पेशी आणि कण फुटून नको ते बाहेर पडतं. घरगुती फ्रिजच्या मागच्या भिंतीला बाटली टेकली तरी गोठते, म्हणून मधल्या कप्प्यात.

‘ब’चा गाळ उघडताच सडक्या अंड्यांचा वास. म्हणजे सल्फाइड भरपूर. सल्फाइड धातूंना धरून ठेवतं, हे पुढे उपयोगी पडणार.

३१ जानेवारी

गाळाचा अर्क. आकारमानाने १ भाग ओला गाळ, ४ भाग ईडीटीए नसलेलं माध्यम. २०० मिलि आणि ८०० मिलि. ३० मिनिटं हलवायचं, १ तास स्थिर ठेवायचं, वरचं पाणी सेंट्रिफ्यूजमधून, मग फिल्टर.

पहिल्या प्रयत्नात साध्या क्रमांक १ च्या फिल्टर पेपरवर थांबलो. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये आपल्या चंद्रकोरींसोबत सीनेडेस्मस या दुसऱ्या शैवालाच्या चौकड्या आणि त्यांना खात फिरणारे सिलिएट (एकपेशी जीव). बाद. ०.४५ मायक्रॉनचा पडदा हवाच. तो गढूळ अर्काने दोन मिनिटांत बंद होतो, म्हणून आधी काचतंतूचा १.२ मायक्रॉन फिल्टर. नवा पडदा आधी १०० मिलि डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा, त्यावरचं ओलावा आणणारं रसायन शैवालाला बाधतं. अर्काचे पहिले ५० मिलि टाकून द्यायचे.

गाळल्यावर माध्यमाचे क्षार अर्कात पुन्हा घातले, कंट्रोलइतके. हे विसरलं तर दोन उलट चुका होतात. स्वच्छ पण उपाशी पाणी विषारी दिसतं, आणि खतावलेलं विषारी पाणी चांगलं दिसतं. क्षार आणि बीज घातल्यावर १०० टक्के अर्क उरत नाही. सर्वात तीव्र फ्लास्क ९० टक्क्यांचा. मालिका ९०, ४५, २२.५, ११.२, ५.६.

४ फेब्रुवारी

वरच्या थराचे निकाल, ९० टक्के अर्क, वेगातली घट : ‘क’ २ टक्के (म्हणजे काही नाही), ‘अ’ ११, ‘ब’ ३५.

‘ब’चा हिशोब पूर्ण लिहितो, कारण इथे वाद झाला. कंट्रोल १०,००० वरून ७,२०,०००, वेग १.४३. ‘ब’ १०,००० वरून १,६०,०००, वेग ०.९२. घट ३५ टक्के. पण कोणी पेशींच्या उत्पादनावर हिशोब केला तर ७,१०,००० च्या जागी १,५०,०००, म्हणजे घट ७९ टक्के! दोन्ही गणितं बरोबर, नमुना एकच. वाढ घातांकी असल्याने तीन दिवसांत उत्पादनातला फरक फुगतो. आम्ही वेगाचाच आकडा देणार, आणि तो कशाचा आहे हे दर वेळी लिहिणार. नुसतं ‘७९ टक्के विषारी’ असं गावात कोणाच्या कानावर गेलं तर ते पुसता येणार नाही.

‘ब’चा ५.६ टक्के अर्क कंट्रोलपेक्षा ६ टक्के वेगाने वाढला. असं होतं. त्यावरून ‘थोडं मिलचं पाणी बरं’ असा अर्थ काढायचा नाही.

५ फेब्रुवारी

‘ब’चा अर्क चहासारखा तांबूस. घट विषाची की सावलीची? बीकरमध्ये बीकर : आतल्या लहान बीकरमध्ये शुद्ध माध्यमातलं शैवाल, बाहेरच्या मोठ्यात ‘ब’चा अर्क, वरून फॉइल, म्हणजे उजेड अर्कातूनच आत येईल. तुलनेला दुसरी जोडी, बाहेर साधं माध्यम. नुसत्या सावलीने वेग ९ टक्के घटला. म्हणजे ३५ पैकी सुमारे ९ रंगाचे. उरलेलं खरं. बीकरमधला पाण्याचा थर फ्लास्कइतकाच जाड नसतो, तेव्हा हा आकडा ढोबळ.

९ फेब्रुवारी

‘ब’मध्ये काय आहे, ते अर्काचे भाग करून शोधायचं. चार वाटा : जशाचा तसा, ३ मिग्रॅ/लि. ईडीटीए घालून (धातू बांधायला), झिओलाइटवरून काढून (अमोनिया), सक्रिय कोळशावरून काढून (सेंद्रिय विषं, आणि रंगही). प्रत्येक उपचार कोऱ्या माध्यमावरही केला. कोळशाचा पहिला कोरा फ्लास्कच नीट वाढला नाही, कोळसा धुतलेला नव्हता. आम्लाने आणि पाण्याने धुऊन पुन्हा.

घट : जसाच्या तसा ३५, ईडीटीए ३४, झिओलाइट १३, कोळसा २७. म्हणजे मुख्य दोषी अमोनिया. कोळशाने फक्त सावली गेली. झिओलाइट काही धातूही धरतं, पण ईडीटीएने फरक पडला नाही, त्यामुळे ती शंका मिटली.

नेसलर द्रावणाने मोजलेला एकूण अमोनिया-नायट्रोजन ३४ मिग्रॅ/लि. पीएच ८ ला, २५ अंशांवर, यातला ५ टक्केच मुक्त अमोनिया असतो, पीएच ९ ला ३६ टक्के. आणि शैवाल वाढताना कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच स्वतःच चढवतं. ७२ तासांनी या फ्लास्कचा पीएच ९.० निघाला. म्हणजे विषाची धार चाचणीनेच वाढवली! हेपेस बफरने ८ वर धरून पुन्हा केलं तेव्हा घट ३५ वरून १९ वर आली, आणि त्यात सावलीचे ९ आहेतच. तलावात दुपारी शैवाल दाट असताना पीएच ९ होतोच, त्यामुळे दोन्ही आकडे खरे. दोन्ही लिहिले.

१३ फेब्रुवारी

रात्री ११ ते २ वीज नव्हती. इन्व्हर्टरवर हीटर नव्हता, फक्त नळ्या. पाणी १९ अंशांवर उतरलं. फेरी बाद केली. कंट्रोल सोळापटीच्या वर होता, तरीही. थंडीत काही विषांचा परिणाम कमी दिसतो, आणि त्या रात्रीपुरता कमी दिसला तर कळणार नाही. हीटर आता इन्व्हर्टरवर, टँकला चारी बाजूंनी थर्मोकोल (नळ्यांची जागा सोडून).

१६ फेब्रुवारी

खरा प्रश्न सुकलेल्या गाळाचा आहे. शेतकरी ओला गाळ टाकत नाही. उपसलेला ढीग उन्हात पडतो, मग ट्रॉलीने जातो. सुकताना दोन गोष्टी होतात. अमोनिया उडून जातो. आणि काळं सल्फाइड हवेने सल्फेट होतं, आम्ल तयार होतं, बांधलेले धातू मोकळे होतात. एक विष जाऊन दुसरं येऊ शकतं.

तुलना सारख्या कोरड्या वजनावर हवी. २०० मिलि ओल्या ‘ब’ गाळाचं वजन २७० ग्रॅम, १०५ अंशांवर एक भाग सुकवून पाहिला तर पाणी ५५ टक्के. म्हणजे कोरडं १२१ ग्रॅम, पाणी १४९. चाचणीचा गाळ ओव्हनमध्ये नाही, गच्चीवर काचेच्या ट्रेमध्ये दोन सेंमी थर, दहा दिवस, रोज उलथून. मग १२१ ग्रॅम कोरडा गाळ, १४९ मिलि पाणी आणि ८०० मिलि माध्यम.

‘अ’ आणि ‘क’ही तसेच.

१९ फेब्रुवारी

मधेच तलावाच्या पाण्याचा नमुना. उन्हाळी धानाची रोवणी आटोपून आठवडा झालाय, वरच्या बांध्यांत प्रेटिलाक्लोर हे तणनाशक पडलंय. ‘अ’जवळचं पाणी, ९० टक्के : मोजणीने घट ४८. जानेवारीत याच जागी ३ होती.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोठ्या, जाड, न विभागलेल्या. काही नेहमीच्या दुपटीहून मोठ्या. कलरीमीटरवरची घट मात्र २० टक्केच आली, कारण तो हिरवेपणा मोजतो, पेशींची संख्या नाही. क्लोरोअ‍ॅसिटामाइड गटाची तणनाशकं लांब साखळीची मेदाम्लं बनणं थांबवतात आणि पेशी विभागत नाहीत. चित्र त्याच्याशी जुळतं. कोळशावरून काढलेल्या पाण्यात घट ४, ईडीटीएने ४७. म्हणजे सेंद्रिय विष, धातू नाही. नाव मात्र लिहायचं नाही. शैवाल ‘विष आहे’ एवढं सांगतं, ‘कोणतं’ ते नाही. काचेच्या गडद बाटलीत दोन लिटर नमुना पृथक्करणासाठी वेगळा ठेवला. प्लास्टिकच्या बाटलीत असली द्रव्यं भिंतीला चिकटून कमी होतात.

१ मार्च

सुकवलेल्या गाळाचे निकाल, ९० टक्के अर्क :

‘क’ : ओला २, सुका ३.
‘अ’ : ओला ११, सुका ५.
‘ब’ : ओला ३५, सुका २८. अर्काचा पीएच ७.४ वरून ६.३, अमोनिया ३४ वरून ४.

‘ब’चा आकडा फारसा बदललेला दिसत नाही, पण आतलं विष बदललंय. सुक्या ‘ब’च्या अर्कात ईडीटीए घातल्यावर घट २८ वरून ९ वर आली, झिओलाइटने २१. ओल्याच्या नेमकं उलट. आता धातू. उरलेले ९ बहुधा रंगाचेच. कोणता धातू, ते अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनसाठी पाठवलेल्या अर्कातून येईल. अर्क नायट्रिक आम्लाने पीएच २ खाली आणून पाठवला, नाहीतर वाटेत धातू बाटलीला चिकटतात.

नुसता ओल्या गाळाचा निकाल पाहिला असता तर ‘अमोनिया आहे, सुकला की उडेल, खुशाल टाका’ असं उत्तर गेलं असतं.

६ मार्च

१०–५० सेंमी थर. ‘ब’चा खालचा थर ओला १२, सुका ७. म्हणजे खराब गाळ वरच्या १० सेंमीतच, नालीच्या तोंडाशी. नालीच्या तोंडापासून १०, २५ आणि ५० मीटरवर आणखी पाइप घ्यायचे. हद्द सापडली तर तेवढा पट्टा वगळून बाकी तलावाचा गाळ काढता येईल.

११ मार्च

खोलीत दुपारी ३६. आता हीटरची गरज नाही, थंडावा कुठून आणायचा हा प्रश्न. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान ५ अंश वर-खाली होतं. कूलरच्या हवेच्या झोतात टँक ठेवला, वरची जाळी काढून पाण्याचा पृष्ठभाग मोकळा केला : इथली हवा कोरडी आहे, बाष्पीभवनाने पाणी हद्दीत टिकलं. पण फ्लास्कमधूनही पाणी उडतं. ७२ तासांत १०० मिलिचे ९५. पाच टक्क्यांचा फरक आकड्यात शिरतो. वजन करून रोज डिस्टिल्ड पाण्याने भरायचं. फ्लास्कऐवजी मायक्रोप्लेट (लहान खाचांची प्लास्टिकची पट्टी) वापरणाऱ्यांनी या दिवसांत कडेच्या खाचांत नुसतं पाणी भरावं, नाहीतर कडेचे निकाल वेगळेच येतात.

१९ मार्च

मीटरनिहाय ‘ब’ वरचा थर, सुका, घट : तोंडाशी २८, १० मीटर २१, २५ मीटर ८, ५० मीटर ३. डायक्रोमेटची दुसरी संदर्भ चाचणी सोबत लावली, ईसी५० १.०९. शैवाल जवळपास दोन महिन्यांनी तसंच वागतंय.

ग्रामपंचायतीला द्यायचा कागद एका पानाचा. मजकूर : नालीच्या तोंडापासून २५ मीटरपर्यंतचा वरचा अर्धा फूट गाळ शेतात टाकू नये, वेगळा ढीग करावा, तोही बोडीच्या (शेततळ्याच्या) किंवा विहिरीच्या चढावर नाही. बाकी गाळावर या चाचणीत हरकत आढळली नाही. सोबत स्पष्ट वाक्य : ही चाचणी पाण्यातल्या जीवांची आहे, पिकाची नाही. १:४ चा अर्क शेतातल्या मातीपेक्षा तीव्र असतो. पिकासाठी धान आणि मूग, दोन्हींची उगवण कुंड्यांत लावली आहे, गाळ आणि शेतमाती १:३.

२२ मार्च

साठा कल्चर उन्हाळ्यासाठी : २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये दाट कल्चर मिसळून सिरिंजने २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडले. हिरवे मणी. अर्धा तास कडक होऊ दिले, माध्यमाने धुऊन फ्रिजमध्ये अंधारात ठेवले. लागतील तेव्हा सोडियम सायट्रेटमध्ये विरघळवायचे, सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवायचे (सायट्रेट राहिलं तर तेही धातू बांधतं) आणि चाचणीआधी तीन दिवस वाढवायचे. शिवाय दोन अगारच्या नळ्या, एक दुसऱ्या इमारतीतल्या फ्रिजमध्ये.

बाकी : धातूंचा अहवाल. दोन लिटर पाण्याचा अहवाल. कुंड्यांची उगवण २८ मार्चला मोजायची. काचेच्या डिस्टिलरसाठी पत्र दिलंय, तोपर्यंत जुन्या डिस्टिलरवर ‘शैवालासाठी नाही’ असा कागद चिकटवला.